चार्ज नाही, तरी पाण्यात विरघळतं कसं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात नॉनआयॉनिक सर्फेक्टंटवर, म्हणजे साबणासारखं काम करणाऱ्या पण चार्ज नसलेल्या रेणूंवर, जेमतेम दोन परिच्छेद आले होते, आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, की रेणूची रचना कशी आहे त्यावर तो पाण्यात किती आणि कसा विरघळेल हे ठरतं ते नक्की कसं. सगळे प्रश्न छापणं शक्य नाही, म्हणून सारखे वाटले ते एकत्र केलेत.

प्रश्न: सर, आम्ही छोट्या प्रमाणावर लिक्विड डिटर्जंट बनवतो. लॉरिल अल्कोहोल ७ मोल पाण्यात टाकलं की थोडं ढवळून स्वच्छ होतं, पण ३ मोल टाकलं की पाणी पांढरं होतं आणि दुसऱ्या दिवशी वर तेलकट थर दिसतो. दोन्ही ड्रमवर नॉनआयॉनिकच लिहिलंय. आणि मुळात चार्जच नाही तर ७ मोल तरी कशाच्या जोरावर विरघळतं?

उत्तर: प्रश्न एकदम मुळालाच हात घालणारा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सर्फेक्टंटच्या रेणूला एक शेपटी असते, कार्बन-हायड्रोजनची, जी पाण्यात जायला तयार नसते, आणि एक डोकं असतं जे पाण्याकडे ओढ घेतं. आयॉनिक प्रकारात डोक्यावर चार्ज असतो, उदाहरणार्थ सोडियम लॉरिल सल्फेट, तिथे एकटा सल्फेट गट बारा कार्बनची शेपटी पाण्यात ओढून नेतो कारण चार्ज आणि पाणी यांचं आकर्षण फार जोरदार असतं. नॉनआयॉनिकमध्ये तसा एकच दमदार गट नसतो. तिथे काम करतो तो इथिलीन ऑक्साइडचा साखळा, ज्याला धंद्यात सगळे ईओ म्हणतात, म्हणजे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन असा तुकडा पुन्हा पुन्हा जोडलेला. या प्रत्येक ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनच्या मोकळ्या जोड्या असतात आणि पाण्याचा हायड्रोजन तिथे येऊन हायड्रोजन बाँड करतो. एका ईओमागे साधारण दोन-तीन पाण्याचे रेणू धरले जातात असं मानतात. एकेक बाँड तसा कमजोरच, म्हणून एक-दोन ईओने काही होत नाही, संख्या लागते.

तुमचं ३ मोल आणि ७ मोल म्हणजे हीच संख्या आहे, एका अल्कोहोलच्या रेणूमागे सरासरी किती ईओ जोडलेत ते. आता हिशोब करून बघा. बारा कार्बनच्या लॉरिल अल्कोहोलचं रेणूभार १८६, एका ईओचं ४४. तीन ईओ म्हणजे १३२, एकूण ३१८, म्हणजे रेणूच्या वजनाचा साधारण ४१.५ टक्के भाग पाण्याकडचा. सात ईओ असले तर ३०८ भागिले ४९४, म्हणजे ६२ टक्क्यांच्या वर. अटलास पावडर कंपनीतल्या ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये एचएलबी, म्हणजे रेणूची पाण्याकडची आणि तेलाकडची ओढ यांचा तोल सांगणारा आकडा, ही कल्पना मांडली, आणि इथॉक्सिलेटसाठी, म्हणजे ईओ जोडलेल्या मालासाठी, त्यांचं सूत्र अगदी सोपं आहे, ईओचे टक्के भागिले पाच. मग ३ मोलचा एचएलबी ८.३ आणि ७ मोलचा १२.५ येतो. पाण्यात कसं दिसेल याचा ढोबळ अंदाज असा की ४ च्या खाली पाण्यात पसरतच नाही, ६ ते ८ ला जोरात ढवळलं तर दूधाळ होतं, ८ ते १० ला दूधाळपणा टिकतो, १० ते १३ मध्ये अर्धपारदर्शक ते स्वच्छ, आणि १३ च्या वर स्वच्छ. तुमचं ३ मोल ८ च्या सीमेजवळच आहे, म्हणून दूधाळ होतं पण फार टिकत नाही, आणि ७ मोल स्वच्छ होतं, म्हणजे तुम्ही जे डोळ्यांनी बघितलंत ते या आकड्यांशी ढोबळमानाने जुळतंय. तुमचं ३ मोल खराब नाहीये, ते विरघळण्यासाठी बनवलेलंच नाही, ते तेलात विरघळून इमल्सिफायर म्हणून किंवा पुढे सल्फेट करून वापरतात.

शेपटीकडूनही तेवढंच बघायला हवं. ईओ तेवढेच ठेवून शेपटी लांबवली की विद्राव्यता पडते. नॉनआयॉनिकमध्ये शेपटीला दोन कार्बन वाढले की एकेकट्या रेणूंनी पाण्यात राहायची मर्यादा, म्हणजे क्रिटिकल मिसेल कॉन्सन्ट्रेशन, जवळजवळ दहापट खाली येते. आयॉनिकमध्ये हीच घट चारपटीच्या आसपास असते. म्हणून सोडियम लॉरिल सल्फेटची ही मर्यादा ८ मिलिमोलरच्या जवळ आणि तेवढ्याच शेपटीच्या, आठ ईओच्या नॉनआयॉनिकची ०.१ मिलिमोलरच्या आसपास. याचा अर्थ नीट लक्षात घ्या, तुमच्या बाटलीत जे स्वच्छ द्रावण दिसतंय त्यात सर्फेक्टंटचा जवळपास सगळा भाग एकेकटा विरघळलेला नसतोच, तो मिसेलमध्ये, म्हणजे शेपट्या आत आणि ईओ बाहेर अशा सूक्ष्म गोळ्यांमध्ये असतो. त्यामुळे नॉनआयॉनिक विरघळतं का, हा प्रश्न खरं तर असा आहे की त्या गोळ्या पाण्यात सुट्या राहतात का. पुढची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत.

आणखी एक जोडी सांगतो, कारण ती फार बोलकी आहे. सॉर्बिटन मोनोओलिएट, ज्याला स्पॅन ८० म्हणतात, त्याच्यावर तीन मोकळे हायड्रॉक्सिल गट आहेत तरी ते पाण्यात विरघळत नाही, एचएलबी ४.३. ओलिक आम्लाच्या अठरा कार्बनपुढे तीन हायड्रॉक्सिल कमी पडतात. त्याच रेणूवर वीस ईओ चढवले की पॉलिसॉर्बेट ८० तयार होतं, एचएलबी १५, आणि पाण्यात आरामात विरघळतं. शेपटी तीच, बदललं फक्त डोकं.

प्रश्न: मी एका लॅबमध्ये काम करते. नॉनआयॉनिकचं स्वच्छ द्रावण वॉटर बाथमध्ये ठेवलं तर ते एकदम गढूळ झालं. साखर-मीठ तर गरम केल्यावर जास्त विरघळतं, मग हे उलटं कसं? सॅम्पल खराब झालं असं समजून फेकून दिलं, बरोबर केलं का?

उत्तर: फेकायला नको होतं. तो क्लाउड पॉइंट होता, म्हणजे गरम करताना ज्या तापमानाला द्रावण गढूळ होतं तो आकडा, आणि ईओवाल्या सगळ्या नॉनआयॉनिकचा हा स्वभावच आहे. तेच द्रावण थंड होऊ दिलं असतं तर पुन्हा पूर्ण स्वच्छ झालं असतं.

कारण असं की ईओच्या ऑक्सिजनला धरलेलं पाणी एका ठरावीक दिशेने बांधलेलं असतं. बाँड झाला की ऊर्जा सुटते, हा फायदा, पण पाण्याचं मोकळं हिंडणं-फिरणं बंद होतं, हा तोटा, आणि तापमान वाढतं तसा हा तोटा वाढत जातो. शिवाय ईओचा साखळाही तापल्यावर वेगळ्या ठेवणीत वळतो, थंड असताना त्याचे कोन पाण्याला सोयीचे, जास्त ध्रुवीय असे असतात, गरम झाल्यावर कमी ध्रुवीय ठेवणींचं प्रमाण वाढतं, म्हणजे साखळा स्वतःच पाण्याला कमी आवडणारा होतो. दोन्ही मिळून डोक्यावरचं पाणी गळत जातं, मग मिसेल एकमेकांना दूर ठेवू शकत नाहीत, वाढतात, चिकटतात आणि शेवटी सर्फेक्टंटने भरलेला एक थर आणि जवळजवळ नुसतं पाणी असलेला दुसरा थर असे दोन भाग पडतात.

हे टेस्ट ट्यूबमध्ये बघण्यासारखं असतं. तापमान वाढवताना आधी काहीच दिसत नाही, मग क्लाउड पॉइंटच्या एखाद-दोन अंश आधी द्रावणाला फिकट निळसर झाक येते, थर्मामीटरचे आकडे अजून वाचता येतात पण कडा पुसट होतात, आणि मग एका अंशाच्या आत सगळं पांढरं. आच काढून ढवळत राहिलं की जवळपास त्याच आकड्याला परत स्वच्छ होतं. असं दोन्ही बाजूंनी एकच आकडा आला की समजायचं मोजमाप नीट झालं.

रचनेचा परिणाम इथे किती स्पष्ट दिसतो बघा. बारा कार्बनची शेपटी धरा आणि शुद्ध रेणू घ्या, म्हणजे ईओची संख्या नेमकी असलेला. चार ईओ असतील तर क्लाउड पॉइंट १० अंश सेल्सिअसच्याही खाली, पाच असतील तर साधारण ३२, सहा असतील तर ५० च्या आसपास, आठ असतील तर ७८ च्या जवळ. म्हणजे पहिले काही ईओ फार मोठी उडी देतात आणि पुढे प्रत्येकाचा वाटा कमी कमी होत जातो. शेपटी बदलून बघा, पाच ईओ तेच ठेवले पण दहा कार्बन घेतले तर ३२ चे ४४ होतात. ट्रायटन या ब्रँडच्या नॉनआयॉनिक मालिकेतही हेच आहे, तिथे शेपटी ऑक्टिलफिनॉलची, एक्स-११४ मध्ये सरासरी साडेसात ईओ आणि क्लाउड पॉइंट २२-२३ अंश, एक्स-१०० मध्ये साडेनऊ आणि ६५ च्या जवळ, एक्स-१०२ मध्ये बारा आणि ८८. एक्स-४५ मध्ये फक्त पाचच्या आसपास ईओ, ते साध्या तापमानालाही स्वच्छ विरघळत नाही. तुमच्या लॅबमध्ये प्रोटीनचं काम होत असेल तर एक्स-११४ चा उपयोग कुणीतरी सांगेलच, बर्फात ठेवून पेशींमधली प्रोटीन्स विरघळवायची आणि मग ३० अंशांना आणायचं, थर वेगळे पडतात आणि मेंब्रेनमधली, म्हणजे पेशीच्या आवरणातली, पाण्याला नको असलेली प्रोटीन्स सर्फेक्टंटच्या थरात जातात. १९८१ पासून ही पद्धत वापरात आहे आणि मला ती फार सुंदर वाटते, कारण ज्याला आपण सॅम्पल बिघडलं म्हणतो तीच गोष्ट इथे वेगळं करण्याचं हत्यार होते.

द्रावणात आणखी काय आहे तेही विचारात घ्या. साधं मीठ क्लाउड पॉइंट खाली आणतं, सोडियम सल्फेट त्याहून जास्त खाली आणतं, कारण हे आयन पाणी स्वतःकडे ओढतात. थायोसायनेट आणि आयोडाइड मात्र उलटं करतात, वर नेतात. आणि जरासं आयॉनिक सर्फेक्टंट, सोडियम लॉरिल सल्फेटसारखं, घातलं तर क्लाउड पॉइंट भरपूर वर जातो कारण मिसेलवर चार्ज येतो आणि ते एकमेकांना ढकलतात. बऱ्याच लिक्विड डिटर्जंटमध्ये दोन्ही एकत्र असतात त्याचं एक कारण हेही आहे.

प्रश्न: दोन सप्लायरकडून एकाच एचएलबीचा माल घेतला. कागदावर ईओचे टक्के सारखे, पण एक २५ अंशांना काचेसारखं स्वच्छ आणि दुसऱ्यात धूसरपणा. कोण खोटं बोलतंय?

उत्तर: दोघंही खरं बोलत असतील. एचएलबी हा वजनाचा हिशोब आहे, आणि वजनाला हे कळत नाही की कोणता तुकडा कुठे जोडलाय. मला वाटतं या क्षेत्रात सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ याच गैरसमजात वाया जातो, की एचएलबी सारखा म्हणजे माल सारखा. साधं उदाहरण घ्या, आठ कार्बन आणि चार ईओ, एचएलबी ११.५. बारा कार्बन आणि सहा ईओ, एचएलबी ११.७. कागदावर जुळी भावंडं, पण पहिल्याचा क्लाउड पॉइंट ४० च्या आसपास आणि दुसऱ्याचा ५० च्या. ईओचे टक्के सारखे असताना रेणू लहान असेल तर क्लाउड पॉइंट कमी येतो, हे सूत्रात कुठेच नाही.

आता शेपटीची ठेवण बघा. सरळ शेपटी आणि फाटे फुटलेली शेपटी, कार्बन तेवढेच, ईओ तेवढेच, तरी फाटेवालीचा क्लाउड पॉइंट खाली असतो. तसंच डोकं शेपटीच्या टोकाला न जोडता मधल्या कार्बनला जोडलं, म्हणजे सेकंडरी अल्कोहोलचं इथॉक्सिलेट केलं, तरी खाली येतो. कारण आकारात आहे. फाटेवाली शेपटी आखूड आणि जाडजूड होते, डोक्याच्या मानाने तिची जाडी वाढते, आणि असे रेणू गोल मिसेलमध्ये नीट बसत नाहीत, त्यांना सपाट थरात बसणं सोपं जातं. इस्रायलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी १९७६ मध्ये हा शेपटीचं आकारमान, लांबी आणि डोक्याचं क्षेत्रफळ यांचा हिशोब मांडला आणि त्यावरून कोणता रेणू कसली रचना करेल याचा अंदाज बांधता येतो. मिसेल गोल आणि छोटी असतील तर पाण्यात सुटी राहतात, लांबट आणि सपाट व्हायला लागली की वेगळं पडणं जवळ आलेलं असतं.

पण इथे एक गोष्ट नीट वेगळी करा, लवकर विरघळणं आणि जास्त तापमानापर्यंत विरघळलेलं राहणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. फाटेवाला माल थंडीतही पातळ राहतो, घट्ट जेल कमी करतो, म्हणून टाकीत पटकन मिसळतो, आणि ऑपरेटर म्हणतो हा जास्त सोल्युबल आहे. क्लाउड पॉइंट काढला तर तोच खाली निघतो. दोघांचंही म्हणणं खरंच असतं.

शेपटी आणि डोकं जोडणारा सांधाही बघायला पाहिजे. अल्कोहोलपासून बनवलं तर सांधा ईथरचा, फॅटी ॲसिडपासून बनवलं तर एस्टरचा, आणि एस्टरवाल्याचा क्लाउड पॉइंट कमी असतो. त्यात फॅटी ॲसिडच्या मालात एकट्या मोनोएस्टरसोबत डायएस्टरही तयार होतो, म्हणजे एका डोक्याला दोन्हीकडून शेपट्या, तो तर आणखी कमी विरघळतो. आणि अल्कली असलेल्या फॉर्म्युल्यात एस्टर हळूहळू तुटतो, तो वेगळाच ताप. दुसऱ्या टोकाला ईओच्या साखळ्याच्या शेवटी एक हायड्रॉक्सिल असतो, तो मिथाइल लावून बंद केला तर पाणी धरणारा एक चांगला गट गेला, क्लाउड पॉइंट पडतो. मुद्दाम असं करतातही, कमी फेस हवा असेल तिथे, कारण क्लाउड पॉइंटच्या वर नॉनआयॉनिक फेस करत नाही, उलट मारतं.

आणि माझा सगळ्यात जास्त संशय कशावर असेल तर तो वितरणावर. ७ मोल म्हणजे प्रत्येक रेणूत सात ईओ असा अर्थ नाही, ती सरासरी आहे. रिॲक्टरमध्ये ईओ सोडला की तो अल्कोहोललाही जोडला जातो आणि आधीच ईओ जोडलेल्या रेणूलाही. साध्या पोटॅशवर किंवा कॉस्टिकवर चालवलेल्या बॅचमध्ये अल्कोहोल स्वतः कमी आम्लधर्मी असल्यामुळे पहिला ईओ उशिरा घेतं, आणि ज्यांनी एकदा घेतला ते पुढे भराभर घेत जातात. परिणाम असा की ड्रममध्ये अजिबात ईओ न लागलेलं अल्कोहोलही असतं, दोन-तीनवालेही असतात आणि बारा-पंधरावालेही. आता विद्राव्यतेच्या दृष्टीने बघा, जास्तवाले कुणाला त्रास देत नाहीत, पण शून्य-एक-दोनवाले पाण्यात विरघळत नाहीत, मिसेलच्या पोटात शिरून त्यांना फुगवतात आणि क्लाउड पॉइंट खाली ओढतात. म्हणून सरासरी तीच असताना पसरट वितरणाचा माल आधी धूसर होतो. अरुंद वितरण देणारे खास कॅटॅलिस्ट आहेत, त्यांचा माल वेगळा वागतो. फिनॉलवर बनवलेल्या मालात हा पहिल्या ईओचा अडथळा तितका नसतो कारण फिनॉल जास्त आम्लधर्मी, तो सगळा आधी एकेक ईओ घेऊन मोकळा होतो. आणखी एक, रिॲक्टरमध्ये ओलावा राहिला तर पाणीच ईओ घेतं आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पीईजी) तयार होतं, जुनी भांडणं यावरही झालेली आहेत.

तेव्हा सप्लायरला एचएलबी विचारू नका, क्लाउड पॉइंट कोणत्या पद्धतीने काढला ते विचारा, अल्कोहोल सरळ की फाटेवालं ते विचारा, आणि मोकळं अल्कोहोल आणि पीईजी किती टक्के ते विचारा. तीन उत्तरात बहुतेक कोडं सुटेल.

प्रश्न: एमएस्सीला आहे. प्रोपिलीन ऑक्साइडमध्येही प्रत्येक तुकड्यात एक ऑक्सिजन असतो, मग तो पाण्याकडचा भाग का धरत नाहीत?

उत्तर: कारण त्या ऑक्सिजनच्या शेजारी एक मिथाइल गट येऊन बसलेला असतो. तो पाण्याला जवळ यायला जागा देत नाही आणि स्वतः पाण्याला नकोसा असतो. पॉलिप्रोपिलीन ऑक्साइडचे अगदी लहान रेणू थंड पाण्यात विरघळतात, पण साखळा वाढला की विरघळणं संपतं, म्हणून तो शेपटी म्हणून वापरतात. आणि गंमत बघा, ऑक्सिजन जास्त असले की विद्राव्यता जास्त हाही नियम नाही, पॉलिऑक्सिमिथिलीनमध्ये दर कार्बनमागे एक ऑक्सिजन आहे, ईओपेक्षा जास्त, आणि ते पाण्यात अजिबात विरघळत नाही, ते कडक इंजिनिअरिंग प्लास्टिक आहे. मधल्या ईओमध्येच ऑक्सिजनमधलं अंतर आणि साखळ्याची ठेवण पाण्याच्या जाळ्याला जमून जाते.

प्लुरॉनिक हा मध्ये प्रोपिलीन ऑक्साइडचा (पीओ) तुकडा आणि दोन्ही टोकांना ईओ असलेला माल, त्याची नावं वाचायला शिका, त्यात सगळं लिहिलेलं असतं. शेवटचा आकडा गुणिले दहा म्हणजे ईओचे टक्के, त्याआधीचा आकडा गुणिले तीनशे म्हणजे मधल्या पीओ तुकड्याचं अंदाजे रेणूभार, आणि पुढचं अक्षर द्रव, पेस्ट की फ्लेक ते सांगतं. एल६१, एल६४ आणि एफ६८ या तिघांत मधला तुकडा एकसारखा, साधारण १८००. ईओ १०, ४० आणि ८० टक्के. एक टक्का द्रावणाचा क्लाउड पॉइंट अनुक्रमे २४, ५८ च्या आसपास आणि १०० च्या वर. एकच गोष्ट बदलून बाकी सगळं स्थिर ठेवलेलं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण, तुमच्या सेमिनारला हेच घ्या.

प्रश्न: साखरेपासून बनलेल्या नॉनआयॉनिकलाही क्लाउड पॉइंट असतो का?

उत्तर: अल्किल पॉलिग्लुकोसाइडला सहसा तसा नसतो. तिथे डोक्यावर हायड्रॉक्सिल गटांचा घोळका असतो आणि त्यांचं पाण्याशी नातं तापमानाने ईओइतकं सुटत नाही, त्यामुळे गरम, खारट, अल्कलीच्या द्रावणातही ते तग धरतात. त्यांची अडचण दुसऱ्या टोकाला, थंडीत. साखरेची डोकी एकमेकांनाही हायड्रोजन बाँडने घट्ट धरतात आणि स्फटिक बनवतात. बारा कार्बनच्या शेपटीला एकच ग्लुकोज असेल तर साध्या तापमानाला फारसं विरघळत नाही, त्यालाच दोन ग्लुकोजचं माल्टोज लावलं तर छान विरघळतं. जोडणी अल्फा की बीटा यानेही फरक पडतो, आठ कार्बनच्या ग्लुकोसाइडमध्ये बीटा सहज विरघळतो आणि अल्फा थंडीत बाहेर पडतो, अणू तेच, संख्या तीच, फक्त एका बाँडची दिशा वेगळी.

प्रश्न: ९ मोल पाण्यात ओततो तेव्हा गाठी होतात, त्या तासन् तास विरघळत नाहीत. माल वाईट आहे का?

उत्तर: माल चांगला आहे, पद्धत बदला. पाण्यात पडलेल्या थेंबाच्या बाहेरच्या भागात पाणी शिरतं आणि तिथे सर्फेक्टंट साधारण अर्धं-अर्धं होतं, नेमकं त्याच प्रमाणात हे रेणू लांब दांड्यांच्या षट्कोनी रचनेत बसतात आणि कडक पारदर्शक जेल होतं. बोटात धरून बघा, बाहेर रबरासारखी कातडी आणि कापलं तर आत कोरडं तेल. त्या कातडीतून पाणी आत जायला वेळ लागतो. माल आधी ४०-४५ अंशांना पातळ करा, पाणी कोमट ठेवा पण क्लाउड पॉइंटच्या खूप खाली, आणि चालू ढवळणीत बारीक धारेने सोडा. ड्रममधल्या मालात उलट पाणी ओतू नका, तसं केलं तर अख्खी टाकी त्या जेलच्या पट्ट्यातून जाते आणि स्टरर अडकतो.

प्रश्न: नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट एवढं छान काम करतं तर त्यावर बंधनं का? पाण्यात विरघळून वाहूनच जातं ना?

उत्तर: नाही जात, आणि यात रचनेचाच दोष आहे, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सांडपाण्यातले जिवाणू ईओच्या साखळ्याकडून एकेक तुकडा खात येतात. नऊचे पाच, पाचचे दोन. म्हणजे जे विरघळत होतं तेच उतरत्या क्रमाने अविद्राव्य होत जातं आणि गाळाला चिकटून बसतं. सरळ शेपटी असती तर जिवाणूंनी तीही खाल्ली असती, पण इथे शेपटी फाटेवाली आणि मध्ये बेंझीनचं कडं, तिथे त्यांचं काम अडतं. शेवटी उरतं ते नोनिलफिनॉल, जे माशांच्या शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाने धुलाई-सफाईसारख्या वापरात त्यावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. त्याच कुळातल्या ऑक्टिलफिनॉल इथॉक्सिलेटला, म्हणजे ट्रायटन एक्स-१०० लाही, तिथे ४ जानेवारी २०२१ नंतर खास परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे. सरळ अल्कोहोलचे इथॉक्सिलेट पूर्ण तुटतात, आणि थोडं फॉर्म्युलेशन जुळवलं की बहुतेक कामं त्यांनी होतात. जमत असेल तिथे आजच बदला, नियम यायची वाट बघू नका.

प्रश्न: क्लाउड पॉइंट साध्या साधनांनी कसा काढायचा?

उत्तर: एक टक्का द्रावण डिस्टिल्ड पाण्यात करा, नळाचं पाणी नको कारण त्यातले क्षार आकडा हलवतात. ट्यूबमध्ये थर्मामीटरनेच हलकं ढवळत बाथमध्ये गरम करा, पूर्ण गढूळ होऊ द्या, मग बाहेर काढून थंड होताना ज्या तापमानाला स्वच्छ होईल तो आकडा घ्या, थंड होतानाचा जास्त भरवशाचा असतो. माल साध्या तापमानालाच गढूळ असेल, पहिल्या प्रश्नातल्या ३ मोलसारखा, तर पाण्याऐवजी २५ टक्के ब्युटाइल डायग्लायकॉलचं द्रावण वापरतात. आणि १०० अंशांपर्यंतही गढूळ होत नसेल तर मिठाच्या पाण्यात करा, मीठ आकडा खाली आणतं आणि तो मोजता येतो. कोणत्या द्रावणात काढला ते आकड्याशेजारी नक्की लिहा, पाण्यातला ६० आणि मिठाच्या पाण्यातला ६० हे दोन पूर्णपणे वेगळे माल आहेत.